पिळलेला माठ

सकाळी साडेसहाला भाऊ उसाच्या खोडव्यात शिरला. पंपावर लाल रंगाचा पट्टा आहे, म्हणजे हा फक्त तणनाशकाचा. चार वर्षांपूर्वी 2,4-डी हे तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून आम्ही त्यानेच कपाशीवर तुडतुड्यांचं औषध फवारलं होतं. पुढच्या आठवड्यात नवी पानं भेंडीच्या पानासारखी चिरत गेली, शेंडे पिळले. आम्ही सहा ओळी गमावल्या. कपाशीला 2,4-डीचा थेंबसुद्धा सोसत नाही. म्हणून दोन वेगळे पंप.

भावाने चिमूटभर माती सोडून वारा पाहिला. पश्चिमेचा, मंद. पूर्वेला शेजाऱ्याची कपाशी. त्या कडेच्या ओळी त्याने खुरपणीसाठी सोडल्या, नोझल गुडघ्याखाली धरलं आणि ऊन तापायच्या आत, नऊला पंप उतरवला. 2,4-डीच्या एस्टर प्रकाराची वाफ उन्हात उठून लांबच्या पिकावरही जाते. म्हणून तो अमाइन मीठच आणतो.

2,4-डी झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. ऊस गवताच्या कुळातला, तो तगतो. रुंद पानांचं तण मात्र बेफाम वाढत स्वतःलाच पिळून घेतं. संध्याकाळी पाहिलं तर काटेमाठाचे शेंडे मुरडून खाली वाकले होते. पानं मात्र हिरवीगार.

भीती त्या हिरवेपणाचीच वाटते. फवारलेल्या तणात साखर वाढू शकते, आणि एरवी ज्याला जनावर तोंड लावत नाही तेही ते चवीने खातं. काटेमाठासारख्या तणात नायट्रेटही साठतं. पोटात गेल्यावर त्याचं नायट्राइट होतं, रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद जाते, रक्त चॉकलेटी दिसू लागतं. जनावर धापा टाकत बसतं आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत हातचं जाऊ शकतं. तण वाळलं तरी नायट्रेट जात नाही, म्हणून सुकलेलं तण गोठ्यात टाकणंही नको. डब्यावर फवारणीनंतर काढणीपर्यंत थांबायचे दिवस लिहिलेले असतात. ते बारीक अक्षर वाचायला दुकानदाराकडून मुद्दाम वेळ मागून घ्यावा.

रिकामा डबा भावाने तीनदा विसळला, ते पाणी पंपातच ओतलं आणि डब्याला भोकं पाडली. हौदाकडे तो फिरकलाही नाही. जनावरं तिथंच पाणी पितात.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू विळा घेऊन आल्या. रोजच येतात, म्हशीसाठी तण कापून नेतात. भाऊ धावत बांधावर गेला. 

“काकू, इथलं नका नेऊ. काल फवारलंय.”

“अरे, हिरवं तर दिसतंय की.”

“शेंडा बघा.”

काकूंनी खाली वाकून एक शेंडा बोटांत धरला. तो उलटा, कुत्र्याच्या शेपटासारखा वळलेला होता. “मग म्हशीला काय घालू?”

भावाने त्यांना गोठ्यातून कडब्याच्या चार पेंढ्या दिल्या, आणि पश्चिमेच्या, वाऱ्याच्या वरच्या अंगाच्या बांधावरचं गवत कापायला लावलं. दुपारी बांधाच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवून त्यांवर लाल फडकी बांधली.