घर घेताना : लेखांक ७ – पावसाचा हप्ता

दिवाळीनंतर सिल्वासात फ्लॅट बघायला गेले, की भिंती कोरड्या, रंग ताजा आणि गच्ची लख्ख दिसते. तोच फ्लॅट ऑगस्टमध्ये बघावा. दमणगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खिडकीच्या चौकटीची फट, गच्चीच्या कोब्याची चीर, पाइपाचा सांधा. झड लागली की पाणी तिथूनच आत शिरते.

ओल दिसते तेव्हा पोपडे सुटतात, एवढ्यावर भागत नाही. पाणी स्लॅबमधल्या सळईपर्यंत पोचले की लोखंड गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट भरते. त्या रेट्याने काँक्रीट आतून फुटते. वेळेवर केलेले वॉटरप्रूफिंग काही हजारांत होते. सळया उघड्या पडल्यावर तेच काम लाखांत जाते.

मसाट, पिपरिया, खडोलीच्या कारखान्यांमुळे शहरात भाडेकरू मिळतो, म्हणून बाहेरगावची माणसेही इथे घर घेऊन ठेवतात. हिशेब मात्र बहुधा दोनच आकड्यांचा असतो : बँकेचा हप्ता आणि भाडे.

एक उदाहरण मांडून पाहू; आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. फ्लॅट ३० लाखांचा, भाडे महिना ९,००० रुपये. वर्षाचे १,०८,००० झाले. भाडेकरू बदलताना घर एक महिना रिकामे राहिले, उरले ९९,०००. सोसायटीचा मेंटेनन्स १८,०००. दर चार वर्षांनी रंगाचे ३०,००० आणि दहा वर्षांनी न्हाणीघराच्या गळतीचे ४०,००० धरले, तर वर्षाला साडेअकरा हजार. नळ-गिझर धरून १२,०००. हाती राहिले ६९,०००. परतावा ३.६ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आला, आणि यात नगरपालिकेचा कर अजून धरलेलाच नाही.

भाड्याच्या उत्पन्नातून नगरपालिकेचा कर वजा केल्यावर आयकर कायदा ३० टक्के सरसकट वजावट देतो. पावती लागत नाही. पण खर्च त्याहून जास्त झाला तरी वजावट वाढत नाही. वरच्या उदाहरणात ती ३० हजारांच्या आसपास येते, म्हणजे मेंटेनन्स आणि दुरुस्ती मिळून होतात तेवढीच. ही रक्कम वेगळ्या खात्यात टाकण्याची सवय फार मोलाची आहे.

इमारतीच्या सामाईक दुरुस्तीसाठी महाराष्ट्राचे आदर्श उपविधी मोजमाप म्हणून घेता येतात. त्यांत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के सांगितला आहे. म्हणजे बांधकाम खर्च साडेबारा लाख असेल तर वर्षाला साडेबारा हजार. जुना फ्लॅट घेताना मेंटेनन्समधले किती पैसे या निधींत जातात आणि आज शिल्लक किती, हे सोसायटीच्या ताळेबंदात बघावे. निधी रिकामा आणि गच्ची गळकी असेल, तर आपल्या वाट्याची रक्कम सौद्यातच कमी करून मागावी. तसे मागण्यात संकोच कसला?

नव्या इमारतीत थोडा आधार आहे. सिल्वासासह दादरा आणि नगर हवेलीतील प्रकल्प महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, अखत्यारीत येतात. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा लागतो. त्यामुळे ताब्याचे पत्र जपून ठेवावे, पहिल्या पावसाळ्यापासून गळतीचे तारखेसह फोटो काढावेत आणि तक्रार लेखी द्यावी.