नव्या पाटीची पारख



एक काळ असा होता कीं, मूल शाळेंत जाऊं लागलें म्हणजे त्याच्या हातीं दगडी पाटी व लेखणी दिली कीं सामानाची काळजी मिटत असे. आज त्याच पाटीच्या आकाराचें एक यंत्र मुलें घरोघर मागूं लागलीं आहेत. त्यास टॅब्लेट, अथवा थोडक्यांत टॅब, म्हणतात. त्यावर पुस्तक वाचतां येतें, टिपणें लिहितां येतात, चित्र काढतां येतें आणि घरचा हिशोबही ठेवतां येतो. परंतु दगडी पाटी फुटली तर दुसरी आणणें सोपें होतें; टॅबचें तसें नाहीं. आमच्या उंद्रीसारख्या गांवीं पुष्कळ घरांचें वर्षाचें गणित सोयाबीन व कापूस यांच्या भावावर अवलंबून असतें. तेथें पंधरा-वीस हजारांची वस्तु घेणें म्हणजे एका हंगामाची शिल्लक खर्ची घालणें होय. ती शिल्लक वायां जाऊं नये, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

दुकानांत गेल्यावर आपण सहसा विचारतों, “चांगला टॅब कोणता?” हा प्रश्नच अपुरा आहे. बैल घेतांना तो नांगरास हवा कीं गाडीस, हें आपण आधीं ठरवितों. तद्वत् टॅब कोणाच्या हातीं जाणार व त्यानें कोणतें काम व्हावयाचें, हें घरींच ठरवून निघावें. वाचन, चित्रकला व कामकाज हीं तीन कामें निराळीं आहेत, आणि प्रत्येकाची मागणी निराळी आहे.

केवळ स्वस्ताईकडे पाहिल्यानें काय होतें, याचें उदाहरण आपल्याच देशांत घडलें. ॲपल कंपनीनें इ. स. २०१० मध्यें आयपॅड बाजारांत आणल्यावर जगभर टॅबची मागणी वाढली. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर २०११ मध्यें, भारत सरकारनें विद्यार्थ्यांसाठीं ‘आकाश’ नांवाचा अत्यंत स्वस्त टॅब प्रसिद्ध केला. हेतु स्तुत्य होता. परंतु त्याचा पडदा दाबावर चालणारा होता. म्हणजे वरचा पापुद्रा बोटानें दाबून खालच्या पापुद्र्यास टेकला, तरच यंत्रास स्पर्श कळे. स्मृतीही अवघी २५६ एम.बी. होती. यंत्र मंद चालतें, अशी तक्रार सर्वत्र झाली. पुढें हें काम मुंबईच्या पवई येथील आय.आय.टी.कडे आलें व नोव्हेंबर २०१२ मध्यें सुधारलेली आवृत्ति निघाली. तींत पडदा बदलून हलक्या स्पर्शानें चालणारा घातला गेला आणि स्मृति दुप्पट झाली. यावरून बोध हा कीं, किंमत पाहण्यापूर्वीं वस्तूचा उपयोग पाहावा.

आतां पहिलें काम वाचनाचें. बालभारतीचीं पाठ्यपुस्तकें पी.डी.एफ. रूपांत विनामूल्य मिळतात, आणि पुस्तकांतील क्यू.आर. संकेतावरून ‘दीक्षा’ ॲपवरील पाठही उघडतात. हें वाचण्यास पडद्याचा आकार महत्त्वाचा. पडद्याचें माप एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत इंचांत देतात, त्यामुळें ग्राहकाची फसगत होते. ए-४ कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. ८ इंची लांबट टॅब उभा धरला तर त्याची रुंदी सुमारें १०८ मिलिमीटर भरते. म्हणजे कागदाचें पान निम्मे होऊन दिसतें. ११ इंची टॅबची रुंदी सुमारें १४८ मिलिमीटर, म्हणजे पान सात-दशांश होऊन दिसतें. कागदावरील १२ पॉइंटांचें अक्षर पहिल्यांत ६ पॉइंटांचें, तर दुसऱ्यांत साधारण साडेआठ पॉइंटांचें होतें. देवनागरीच्या मात्रा, अनुस्वार व जोडाक्षरें इतक्या लहान आकारांत वाचतांना डोळ्यांस शीण होतो. अभ्यासासाठीं टॅब घेणारानें शक्य तर १० इंचांहून लहान घेऊं नये.

दुसरें काम चित्रकलेचें. येथें सर्वांत अधिक फसगत होते, कारण लोक पडदा पाहतात व पेन पाहत नाहींत. बोट टेकलें असतां पडद्यावरील विद्युत्-भारांत फरक पडतो व तेवढ्यावरून यंत्रास स्पर्शाची जागा कळते. रबरी टोकाचें स्वस्त पेन हें केवळ बोटाची नक्कल करतें; तें जोरानें दाबलें काय किंवा हळू टेकलें काय, रेघ सारखीच उमटते. चित्रकारास असें पेन निरुपयोगी होय. खरें चित्रपेन दाबाचे अंश ओळखतें. पुष्कळ पेनें ४०९६ पर्यंत पायऱ्या मोजतात, आणि त्यामुळें हात हलका केला कीं रेघ बारीक होते, जोर दिला कीं जाड होते. कांहीं पेनांत बॅटरीही नसते. पडद्याखालीं तारांची जाळी असते. तिच्या चुंबकीय क्षेत्रांतून पेनांतील वेटोळ्यास शक्ति मिळते. ‘वॅकॉम’ या जपानी कंपनीनें हें तंत्र नांवारूपास आणलें.

ध्यानांत ठेवावें कीं, कोणतेंही पेन कोणत्याही टॅबवर चालत नाहीं. जाळी ज्या टॅबांत नाहीं, त्यावर जाळीचें पेन मुकें राहतें. ॲपलच्या पेन्सिलीचेही प्रकार आहेत व कोणता प्रकार कोणत्या आयपॅडला चालतो हें ठरलेलें आहे. शिवाय ती वेगळी विकत घ्यावी लागते. सॅमसंगच्या एस-मालिकेंतील टॅबसोबत मात्र पेन पेटींतच मिळत आलें आहे. म्हणून दोन टॅबांच्या किंमतींची तुलना करतांना पेन धरून तुलना करावी. ‘प्रोक्रिएट’ हें चित्रकारांचें आवडतें ॲप टॅबांपैकीं केवळ आयपॅडवर चालतें. तथापि ‘आयबिस पेंट’सारखीं ॲपें इतर टॅबवरही चालतात, तेव्हां केवळ एका ॲपसाठीं ऐपतीबाहेर जाण्याचें कारण नाहीं.

चित्रास स्मृतीही लागते. ३००० × ४००० बिंदूंच्या चित्रांत १ कोटि २० लक्ष बिंदु होतात. प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरले तर एका थरास ४८ एम.बी. लागतात. आकाश, डोंगर, झाडें, माणसें असे दहा थर केले कीं जवळजवळ अर्धा जी.बी. खर्ची पडतो. रॅम ४ जी.बी. असेल, तर तींतील बराच भाग यंत्राच्या स्वतःच्या कारभारांतच जातो. सबब वाचनास ४ जी.बी. चालेल, चित्रकलेस ६ किंवा ८ जी.बी. असावी.

तिसरें काम कामकाजाचें. येथें स्पष्ट सांगणें बरें कीं, टॅब सर्व कामांस पुरत नाहीं. एम.एस.-सी.आय.टी. असो वा राज्य परीक्षा परिषदेची संगणक-टंकलेखन परीक्षा असो, दोन्हींत खऱ्या कळफलकावर बोटें बसावीं लागतात. कांचेवर टपटप करून तो सराव होत नाहीं. ज्या मुलास टंकलेखन करून नोकरी मिळवावयाची आहे, त्यास साधा लॅपटॉप किंवा घरचा जुना संगणकही टॅबपेक्षां अधिक उपयोगी पडेल. शेतकरी बंधूंस सातबारा पाहण्यास किंवा २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीस खिशांतला फोन पुरेसा आहे. त्यासाठीं टॅब घेऊं नये.

याशिवाय चार गोष्टी खेड्यांत राहणारांनीं विशेष पाहाव्यात. पहिली, दुरुस्ती : त्या कंपनीचें केंद्र चिखली, बुलढाणा, खामगांव किंवा अकोला यांपैकीं कोठें आहे, आणि फुटलेला पडदा बदलण्यास काय पडतें, हें आधीं विचारावें. दुसरी, आयुष्य : यंत्रप्रणालीच्या सुधारणा कंपनी किती वर्षें देणार हें पाहावें, कारण त्या थांबल्या कीं कांहीं वर्षांनीं नवीं ॲपें चालेनाशीं होतात. तिसरी, उजेड : लोणारच्या सरोवरकांठीं भर दुपारीं चित्र काढावयास बसलां, तर मंद पडद्यावर चित्राऐवजीं आपलेंच तोंड दिसेल, म्हणून पडदा उन्हांत धरून पाहावा. चौथी, सिम : घरांत एक चांगला फोन असेल तर त्यावरूनच टॅबला इंटरनेट देतां येतें, सिमच्या टॅबसाठीं अधिक पैसे मोजण्याची बहुधा गरज नसते.

पैसे मोजण्यापूर्वीं आणखी एक चौकशी करावी. नागपूर येथील महाज्योती या शासकीय संस्थेनें इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग यांतील, जे.ई.ई., नीट व सी.ई.टी. या परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांस विनामूल्य टॅब दिले आहेत. आपला पाल्य त्या नियमांत बसतो काय, हें दहावीच्या निकालानंतर लागलीच पाहावें. जें हक्कानें मिळण्याजोगें आहे, त्यासाठीं कर्ज काढणें शहाणपणाचें नव्हे.

दुकानांत मात्र भीड धरूं नये. पट्टी घेऊन पेनानें एक तिरकी रेघ अगदीं सावकाश ओढावी. हलकें पेन असल्यास ती रेघ नागमोडी येते. तळहात पडद्यावर टेकवून लिहावें. नको तेथें ठिपके उमटले तर यंत्रास हात व पेन यांतील भेद कळत नाहीं असें समजावें. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्री’ हीं अक्षरें गिरवावीं. आपल्या इयत्तेच्या पुस्तकाचें एक पान उघडून हातभर अंतरावरून वाचावें. या चार परीक्षांस दहा मिनिटें लागतात, आणि जाहिरातींतील आंकड्यांपेक्षां त्या अधिक खरें सांगतात.

विद्यार्थ्यांनो, शेवटीं तुमच्यासाठीं दोन शब्द. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा कागदावर द्याव्या लागतात. टॅबवर चुकलेली रेघ एका टिचकीनें पुसतां येते. कागदावर हातच नेमका पडावा लागतो. तो हात वहीवर व पेन्सिलीनेंच तयार होतो. यास्तव ज्याच्या घरीं टॅब घेणें शक्य नाहीं, त्यानें मनांत कमीपणा मानूं नये. आणि ज्यास तो मिळाला आहे, त्यानें वही बाजूस टाकूं नये. आईवडिलांनीं घामाचे पैसे घालून वस्तु आणली, तर ती रोज कामास लावून त्या पैशांचें चीज करणें हें तुमचें काम आहे.