गंजलेला स्क्रू

आमच्या आळीत एक तरुण सुतार राहतो. त्याचे वडील वारले. त्यांचा रंधा दोन पावसाळे माळ्यावर पडून होता. एके दिवशी तो रंधा घेऊन पोरगा आमच्याकडे आला.

"गुरुजी, पातं बोथट झालंय. धार लावायची, तर स्क्रूच निघत नाही. लई जोर लावला. आता भंगारात घालू का?"

आम्ही म्हणालो, "थांब बाबा. जोर लावून आम्हीही एकदा फसलोय." आम्ही त्याला आपला डावा तळवा दाखवला. त्यावर जुनी खूण आहे. असाच एक स्क्रू हातात धरून पिळत होतो. पेचकस निसटला आणि तळव्यात घुसला. स्क्रूची खाचही झिजून गेली. हात दुखावला तो दुखावला, कामही झाले नाही.

रंध्यात एक कापणारे पाते असते. त्याच्यावर लोखंडाची एक पट्टी असते. ती ढलपी वाकवते, म्हणून लाकूड चिरत नाही. पाते आणि पट्टी एका स्क्रूने जोडलेली असतात. तो सुटल्याशिवाय पात्याला नीट धार लावता येत नाही.

स्क्रू जाम का होतो? लोखंडाला ओल आणि हवा लागली की गंज चढतो. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंजाला लागते. स्क्रूच्या आट्यांत एवढी जागा कुठली? गंज तिथे पाचरीसारखा ठासून बसतो. मग नुसत्या जोराने स्क्रू हलत नाही. आधी गंज ढिला करावा लागतो.

तो असा करावा.

पहिले काम. रंध्याच्या मागच्या बाजूला हातोडीने हलके ठोके द्या. पाचर सैल होईल. पाते पट्टीसकट बाहेर काढा. धारेला जाड फडके गुंडाळा.

दुसरे काम. स्क्रूची खाच खिळ्याच्या टोकाने साफ करा. मग रॉकेलचे थेंब स्क्रूच्या दोन्ही बाजूंनी सोडा. रॉकेल पातळ असते, बारीक फटीतही शिरते. आता ते सगळीकडे मिळत नाही. नसेल तर डिझेल घ्या. गंज सोडवायचे तेलही दुकानात मिळते. गोडे तेल घालू नका. ते जाड असते, आत शिरत नाही. जवसाचे तेल तर वाळून चिकट बसते. रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा थेंब सोडा. असे दोन-तीन दिवस करा. जवळ विडी किंवा चूल नको.

तिसरे काम. स्क्रूच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके द्या. त्या हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेल आत उतरते.

चौथे काम. खाचेत घट्ट बसेल असा रुंद पेचकस घ्या. अरुंद पेचकस खाच खातो. पाते शेगड्यात धरा. हातात कधीच धरू नका. पेचकस खाली दाबून आधी थोडा आवळायच्या बाजूला फिरवा, मग सोडायच्या बाजूला. सोडायची बाजू म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या उलट. पेचकसाची दांडी चौकोनी असेल तर तिला पाना लावा. एकाने दाबावे, दुसऱ्याने पाना फिरवावा.

एवढे करूनही हलला नाही, तर रॉकेल पुसून टाका. चुलीपासून दूर, पात्यावर उकळते पाणी ओता. लोखंड तापून फुगते, निवून आकसते. त्यात गंजाची पकड सुटते. पण पाते विस्तवात घालू नका. पोलादाला दिलेले पाणी उतरते. मग कितीही धार लावा, ती टिकत नाही.

पोराने तीन दिवस धीर धरला. चौथ्या दिवशी सकाळी स्क्रू 'कर्र' करून फिरला. पोरगा ओरडला, "गुरुजी, सुटला!"

आम्ही म्हणालो, "आता लगेच ओढू नकोस. थोडा सोड, थोडा आवळ, मध्ये तेलाचा थेंब दे." तसे करत स्क्रू शाबूत बाहेर आला. आटे ताराच्या ब्रशने घासले. मशीनचे तेल लावून परत बसवले. दर पावसाळ्याआधी असे तेल लावावे. अवजार कोरड्या जागी ठेवावे. मग ही पाळी येत नाही.

पोराने पात्याला धार लावली. त्या रंध्याने पहिली फळी त्याने आमच्या दाराची साफ केली. पैसे घेतले नाहीत. आम्ही ते त्याच्या आईकडे दिले.