आधी नळी, मग मशीन

"साहेब, आमच्या सेंट्रीफ्यूजला चार बकेट पाहिजेत, काय भाव?" मिरजेतल्या एखाद्या लॅबमधून असा फोन आला की मी भाव सांगत नाही. आधी विचारतो, "नळी कुठली फिरवताय?" पलीकडे जरा थांबल्यासारखं होतं, मग उत्तर येतं, "नेहमीचीच हो."

नेहमीची नळी नावाची वस्तू बाजारात मिळत नाही. रक्त घेतात त्या व्हॅक्युटेनरमध्येच छोटी नळी १३ मिलिमीटर जाड आणि ७५ लांब असते, त्याहून मोठी तितकीच जाड पण १०० लांब, आणि १० मिलीची १६ बाय १००. निमुळत्या बुडाची १५ मिलीची नळी १७ मिलिमीटर जाड आणि टोपीसकट १२० लांब. दवाखान्यात आपलं रक्त घेतल्यावर ते गोठू देतात, मग नळी सेंट्रीफ्यूजमध्ये गरागरा फिरवतात. लाल गोळा तळाशी बसतो, वर पिवळसर सिरम उरतं आणि तपासणी होते ती त्या सिरमची. मशीन घेताना लोक मोटर बघतात, झाकणाचं लॉक बघतात, डिस्प्ले बघतात. नळीची गाठ पडते ती आतल्या सामानाशी: रोटर, त्याला लटकणाऱ्या बकेटा, बकेटीतला ॲडॉप्टर आणि तळाचं रबर.

१५ मिलीच्या खाचेत छोटी व्हॅक्युटेनर सोडली तर ती आत बुडते, काढायला चिमटा शोधावा लागतो. नाहीतर टोपीच्या कडेवर अडकून राहते आणि फिरताना सगळा भार त्या कडेवर येतो. टोपी निसटली की नळी तळाला आपटते. त्यावर आमच्याकडचा उपाय म्हणजे खाली कापूस कोंबायचा. चालतंय की! पण कापूस दबतो, आणि समोरासमोरच्या दोन खाचांत सारखा दबत नाही. त्या मापाचा ॲडॉप्टर मागवणं हाच खरा मार्ग.

रोटर मुख्यतः दोन जातींचे. तिरक्या खाचांचा, आणि ज्यात बकेटा फिरताना आडव्या होतात तो झुलता. पिवळ्या टोपीची जेलवाली नळी वापरणाऱ्याला मी झुलताच घ्यायला सांगतो. तिरक्या रोटरमध्ये गोळा आणि सिरम यांच्या मधला जेलचा थर उतरता बसतो, आणि पुढे ॲनालायझरची सुई सिरम ओढायला खाली आली की थराच्या चढत्या बाजूत रुतते. मग मशीन 'क्लॉट एरर' दाखवतं आणि मला फोन येतो तो ॲनालायझर बिघडल्याचा! अशा नळ्यांना साधारण १००० ते १३०० जी लागतात, झुलत्यात १० मिनिटं, तिरक्यात १५.

जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या किती पट ओढ. गोंधळ इथेच होतो, कारण लॅबच्या भिंतीवर कागद चिकटवलेला असतो "३००० आरपीएम" असा. आरपीएम म्हणजे नुसते मिनिटाचे फेरे. ओढ किती, हे नळीचं बूड मधल्या दांड्यापासून किती लांब फिरतं यावरही ठरतं. सेंटीमीटरमधली ती त्रिज्या, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८, एवढं गणित मोबाइलवर होतं. ३००० फेऱ्यांना १५ सेंटीमीटर त्रिज्येवर सुमारे १५०९ जी मिळतात, १० सेंटीमीटरवर फक्त १००६. म्हणजे मोठं मशीन काढून टेबलावरचं छोटं आणलं तर तोच आकडा ठेवून चालणार नाही, तेवढीच ओढ मिळायला सुमारे ३६७५ फेरे लागतील. जाड बुडाचा ॲडॉप्टर नळीला वर उचलतो, त्यानेही त्रिज्या थोडी घटते.

झुलत्या रोटरसाठी नळी निवडताना मी एक गोष्ट लॅबवाल्यांकडून हाताने करून घेतो. नळ्या टोपीसकट भरायच्या आणि मशीन बंद असताना बकेट बोटाने उचलून पूर्ण आडवी करायची. टोपी मधल्या भागाला घासली तर ती नळी त्या बकेटीत चालत नाही, कॅटलॉगमध्ये काहीही छापलेलं असो. बकेटीवर कोरलेला आकडाही वाचावा. वजन जुळवून त्यांच्या जोड्या लावलेल्या असतात, म्हणून एक हरवली की एकटी मागवताना तिचं वजन कळवावं लागतं. आणि चार जागांच्या रोटरवर चारही बकेटा लावायच्या, दोन रिकाम्या असल्या तरी. काचेची नळी फुटली असेल तर तळाचं रबर बाहेर काढून उजेडात बघा. त्यात रुतलेली बारीक काच पुढच्या नळीचं बूड फोडते.

रोटर, बकेट, ॲडॉप्टर आणि नळी या चौघांची कमाल मर्यादा वेगवेगळी असते, त्यातली सर्वांत कमी ती धरायची. पॉलिस्टायरीनची स्वस्त नळी पॉलिप्रॉपिलीनएवढा ताण सोसत नाही. पॉलिकार्बोनेट दिसायला काचेसारखं आणि दणकट, पण अल्कलीने खराब होतं, ऑटोक्लेव्हमध्ये घालून घालून कमकुवतही होतं. क्षयाच्या थुंकीचे नमुने फिरवणाऱ्या लॅबने बकेटीला घट्ट बसणारं झाकण घ्यावंच, कारण आत नळी फुटली तर जंतू हवेत उडतात. त्या झाकणाची सीलची रिंग झिजते, ती त्याच मॉडेलची लागते.

आता दुसऱ्याच मॉडेलच्या रोटरबद्दल. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १६ डिसेंबर १९९८ रोजी अल्ट्रासेंट्रीफ्यूजमध्ये दुधाचे नमुने २०,००० फेऱ्यांवर फिरत असताना ॲल्युमिनियमचा मोठा रोटर फुटला. वरचं अर्धा इंच जाडीचं पोलादी दार वाकलं, तुकडे बाहेर उडाले, फ्रिज आणि डीप फ्रीझर निकामी झाले, भिंतींना आणि छताला भोकं पडली, खिडक्या फुटल्या. त्या मॉडेलसाठी उत्पादकाने मान्य न केलेला रोटर त्यात बसवलेला होता, आणि आधीही तो विनातक्रार चाललेला होता.

आमच्या लॅबमधली मशीनं तेवढ्या वेगाची नाहीत, हे खरं. म्हणूनच कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर बकेट काढून आणायची हौस लोकांना होते. कारागीर हुशार आहेत, पिन अशी बसवतात की फट दिसणार नाही, वजनही ग्रॅमला ग्रॅम जुळवून देतात. पण धातू कुठला, किती फेऱ्यांनंतर त्याला बारीक तडा जाईल, हे ना त्यांना सांगता येतं ना मला. अशी बकेट दिसली तर मी मशीन सुरू करून देत नाही. "मोटर तर उत्तम चालतेय," असं डॉक्टर म्हणतात. मोटर उत्तमच असते. बकेट बनणं बंद झालेलं मॉडेल असेल तर मी नवं मशीन घ्यायला सांगतो, आणि कोटेशन मागवण्याआधी लॅबमधल्या प्रत्येक जातीची एकेक रिकामी नळी पिशवीत घालून माझ्याकडे पाठवायला सांगतो.