थंडी गेली कुठे?

मुलांनो, धुळे जिल्ह्यातलं दोंडाईचा मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. पण इथल्या हिवाळ्याचा काही भरवसा नाही! सोमवारी उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याने दात कडकड वाजतात. गुरुवारी आभाळ भरून येतं नि स्वेटर नकोसा होतो. असं का? ढग म्हणजे गोधडीच! जमिनीची ऊब रात्री निसटू देत नाहीत. भूमध्य समुद्राकडून निघालेले ‘पश्चिमी विक्षोभ’ उत्तर भारतावरून जातात, तेव्हा कधीकधी इकडेही ढग जमतात. आपल्याला गंमत वाटते, पण उघड्यावर लाल मिरची वाळत घातलेल्यांचा जीव टांगणीला लागतो. एक जोराची सर आली, की मिरची भिजून काळी पडते. ढगाळ हवेत हरभऱ्यावर घाटेअळी वाढते, ती वेगळीच. आभाळ निवळलं, की शनिवारी पहाटे पुन्हा हुडहुडी! गव्हाला मात्र तीच हवी असते.