माफ केलं म्हणजे संपलं?

टॉलस्टॉयची ‘ॲना कॅरेनिना’ सुट्टीत वाचायला घेतली ती ॲनासाठी, लक्षात राहिली मात्र डॉली.

कादंबरी उघडते तेव्हा मॉस्कोतल्या तिच्या घरात भांडणाचा तिसरा दिवस चालू असतो. नवऱ्याचे, स्तीवाचे, मुलांच्या आधीच्या फ्रेंच गव्हर्नेसशी संबंध होते, हे तिला एका चिठ्ठीवरून कळलंय. तीन दिवसांत ती कितीदा तरी कपडे बांधायला काढते, मुलांना घेऊन आईकडे जायचं ठरवते आणि जात नाही. सगळ्यात जास्त काय खुपतं माहितीये? चिठ्ठी पुढे धरली तेव्हा तो नेहमीसारखा हसला, ते हसू.

आधी मला ती एकच गोष्ट उगाळत बसणारी वाटली. ते चुकलंच माझं. डोनाल्ड बॉकम, डग्लस स्नायडर आणि क्रिस्टिना गॉर्डन हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अशा विश्वासघाताकडे मनावरचा आघात म्हणून बघतात. मोठ्या अपघातातून वाचलेल्याला तेच दृश्य पुन्हा पुन्हा दिसावं, तसंच इथे होतं. झोप उडते, तेच प्रश्न दहादा विचारले जातात, मध्येच माया दाटून येते आणि तिचीच लाज वाटते. जुन्या चांगल्या आठवणीसुद्धा खऱ्या होत्या का, अशी शंका येते. हे वेडेपण नाही.

त्यांच्या मांडणीत तीन टप्पे आहेत. पहिल्यात मोठे निर्णय घ्यायचे नाहीत. जेवणझोप सांभाळायची, भांडण हाताबाहेर चाललं की थांबायचं, आणि पुन्हा कधी बोलायचं तेही ठरवायचं. दुसऱ्यात हे का घडलं याचा शोध. म्हणजे दोष निम्मानिम्मा वाटून घेणं नव्हे हं, करणाऱ्याची जबाबदारी करणाऱ्याचीच. राहायचं की निघायचं, हे तिसऱ्यात. माफ करूनही वेगळं होता येतं.

डॉलीला हा मधला रस्ता मिळतच नाही. पीटर्सबर्गहून नणंद येते, ॲना. ती आधी मनापासून ऐकून घेते, मग भावाची बाजू मांडते. त्याच दिवशी जेवताना डॉली नवऱ्याला पुन्हा ‘तू’ म्हणते. (इंग्रजीत हे नीट उतरत नाही, आपल्याला लगेच कळतं.) वेगळं होण्याची भाषा थांबते. पण पुढे स्तीवा घरी क्वचितच असतो, पैशांची ओढाताण चालूच, आणि तिच्या मनात संशय येत राहतो. ती तो झटकते, कारण तो जाळ तिला पुन्हा सोसायचा नसतो. त्याच्यापेक्षाही स्वतःचाच जास्त राग करत ती दिवस काढते.

आम्हा कॅथलिकांत अशा वेळी पहिला सल्ला मिळतो ‘माफ कर, लेकरांकडे बघ’. म्हणून 1983च्या कॅनन लॉमधलं 1152वं कलम मुद्दाम वाचलं. क्षमा करावी असं ते कळकळीने सांगतं खरं, पण क्षमा केली नसेल तर वेगळं राहण्याचा हक्कही तेच देतं, नवऱ्याला आणि बायकोला सारखाच. फक्त, कळल्यानंतर सहा महिने संसार तसाच चालू ठेवला आणि चर्चकडे किंवा कोर्टात दाद मागितली नाही, तर माफ केलं असं धरलं जातं. नियमाला मुदत लागते, हे समजतं मला. पण मुलांच्या परीक्षा आहेत, माहेरी जागा नाही, लोक काय म्हणतील, एवढ्यावरही सहा महिने निघून जातात. डॉलीसुद्धा घरीच राहिली होती.