दुभंगलेला ओठ, दुभंगलेली टाळू : उपचार आणि योग्य वेळ

घरात बाळ जन्मले की सर्वप्रथम त्याचे मुख पाहिले जाते. त्या मुखावर ओठापासून नाकपुडीपर्यंत चीर दिसली, तर आनंदाच्या घरी शांतता पसरते आणि ‘ग्रहणात विळी हाती घेतली होती का?’ हा प्रश्न बाळंतिणीला विचारला जातो. या व्यंगाचे स्वरूप, त्यावरील उपचार आणि त्या उपचारांत समाजाचा वाटा यांविषयीची माहिती आमचे देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर ठेवावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

व्यंग कसे निर्माण होते?

गर्भाच्या चेहऱ्याचे भाग दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्याजवळ एकमेकांस जुळतात. ओठ साधारणतः चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, तर टाळू, म्हणजे तोंडाचे छत, त्यानंतरच्या काही आठवड्यांत. ही जुळणी अपुरी राहिली की ओठ, टाळू किंवा दोन्ही दुभंगलेली राहतात. अनेकदा मातेला गर्भधारणेची खात्री होण्यापूर्वीच हे घडून गेलेले असते. जगभरात सुमारे 700 जन्मांमागे एका बालकात हे व्यंग आढळते. आनुवंशिकता, गरोदरपणातील तंबाखूसेवन व काही औषधे यांचा त्याच्याशी संबंध आढळला आहे. मिश्रीही तंबाखूच होय. ग्रहणाचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. मातेला दोष देणे अन्यायाचे आहे.

उपचारांचे वेळापत्रक

टाळू दुभंगलेल्या बाळाला स्तन ओढून घेता येत नाही. दूध नाकावाटे बाहेर येते, प्रसंगी श्वासनलिकेत जाते. म्हणून पहिली लढाई वजनाची असते. बाळाचे डोके उंच धरून, आईचेच दूध काढून, वाटी-चमच्याने अथवा बोंडल्याने थोडे थोडे पाजावे आणि मध्ये मध्ये ढेकर काढावी.

ओठाची शस्त्रक्रिया साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात करतात. त्यासाठी बाळ किमान दहा आठवड्यांचे, सुमारे साडेचार किलो वजनाचे असावे व त्याचे हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावे, असा जुना व सुटसुटीत नियम आहे. टाळूची शस्त्रक्रिया नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, म्हणजे बोलणे घट्ट होण्याआधी व्हावी लागते. ती लांबली तर हवा नाकावाटे निसटत राहते, मूल गेंगाणे बोलू लागते आणि पुढे टाळू शिवली तरी ती सवय सहजासहजी सुटत नाही. कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकूही कमी येते. पुढे वाचा-उपचार, आठ ते अकरा वर्षांच्या सुमारास हिरडीच्या फटीत हाड बसवणे व दातांची रचना सुधारणे असा हा प्रवास तारुण्यापर्यंत चालतो. ओठ शिवला की चेहरा बरा दिसू लागतो आणि अनेक कुटुंबे तेथेच थांबतात. खरे नुकसान होते ते येथे.

शिबिरांनी घालून दिलेला पाया

चेहऱ्याच्या पुनर्रचनेशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. कपाळाची त्वचा वळवून नवे नाक घडविण्याच्या पुण्यातील शस्त्रक्रियेचा वृत्तांत 1794 साली लंडनच्या नियतकालिकात छापून आला आणि युरोपातील शल्यचिकित्सकांनी त्यापासून धडा घेतला. अलीकडच्या काळात डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी ही सेवा गोरगरिबांच्या दारी नेली. अमेरिकेत स्थायिक असूनही 1968 पासून ते भारतात येऊन विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. महाराष्ट्रात पुण्याच्या भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरे भरविली. अपघातानंतरचे अपंगत्व आणि घशाच्या कर्करोगामुळे गेलेला आवाज यांवर मात करून त्यांनी हजारो मुलांचे चेहरे सुधारले. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान झाली. 2011 मध्ये त्यांचे निधन झाले.

शिबिराने ओठ जुळतो. टाळू, वाणी आणि दात यांसाठी मात्र वर्षभर उघडे असलेले दार लागते. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या व शाळांतून बालकांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत या व्यंगाचा समावेश आहे.

शेवगावचे वर्ष

मग मुले मागे का राहतात? शेवगाव-पाथर्डी पट्ट्यातील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलनंतर परततात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो. त्यामुळे आई बाळाला घेऊन मागे राहिली, तर अर्धा कोयताच मोडतो.

जुलैमध्ये जन्मलेल्या बाळाचा ओठ ऑक्टोबरमध्ये शिवण्यायोग्य होतो, तेव्हाच बैलगाडी वा ट्रक दारात उभा असतो. जानेवारीत कारखान्याच्या कोपीवर जन्मलेले बाळ पुढच्या जानेवारीत टाळूच्या शस्त्रक्रियेच्या वयाचे होते, तेव्हा ते पुन्हा फडात असते. ते एप्रिलमध्ये परतते तेव्हा पंधरा महिन्यांचे असते. अजून वेळ गेलेली नसते. पण तो उन्हाळा-पावसाळा हुकला, तर पुढच्या परतीला ते सव्वादोन वर्षांचे झालेले असते. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे तीन आठवडे पातळ, मऊ आहार आणि आईची सोबत आवश्यक असते. हे सर्व पाडवा ते दसरा या अवधीतच बसवावे लागते. म्हणून या भागात शस्त्रक्रियेचा दिनांक बाळाच्या वयाबरोबर कोयत्याच्या हंगामाकडेही पाहून ठरला पाहिजे.

पालकांना विनंती

व्यंग दिसताच त्याच आठवड्यात आशाताई, अंगणवाडीताई अथवा प्राथमिक आरोग्य केंद्राशी संपर्क साधावा. दर पंधरवड्यास वजन करावे. हंगामाला जाण्यापूर्वी पुढील तारीख लिहून घ्यावी व कागद जपून सोबत न्यावेत. ओठ शिवला म्हणजे उपचार संपले, असे कृपया समजू नये.

हितचिंतकांना आवाहन

शस्त्रक्रियेसाठी दान देणारे हात पुष्कळ आहेत आणि आम्ही त्यांचे ऋणी आहोत. परंतु बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे, सोबत राहणाऱ्या आईचे जेवण, वाचा-उपचाराच्या वारंवार खेपा यांचा खर्च सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही; तोच कित्येकदा उपचार अर्धवट राहण्याचे कारण ठरतो. आपली देणगी एका दिवसाच्या शस्त्रक्रियेपुरती न राहता एका बालकाच्या संपूर्ण उपचारांसाठी असावी, अशी नम्र प्रार्थना आहे. त्या मुलाने शाळेत हजेरी देताना स्वतःचे नाव स्पष्ट उच्चारले, की आपले दान खऱ्या अर्थाने सार्थकी लागले असे म्हणता येईल.